देवळीतली बार्बरा

१५ ऑक्टोबर २०१०ची दुपार. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटात, डोक्यावर जवळपास दोन किलोमीटर उंचीचा डोंगर घेऊन, बरीच माणसे एका कातळभिंतीकडे डोळे लावून उभी होती. भिंतीपलीकडून ‘सिसी’ येत होती. सिसी म्हणजे साडेनऊ मीटर व्यासाच्या पोलादी तबकडीने खडक कुरतडत पुढे सरकणारे, कारखान्याएवढे लांब यंत्र. सव्वादोनच्या सुमाराला कातळ थरथरला, तडे गेले आणि धुळीच्या लोटात शेवटचा पडदा कोसळला. नव्या गोटहार्ड बोगद्याची एक नळी आरपार झाली होती. दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून आलेल्या खोदाईत आडव्या दिशेने आठ सेंटिमीटर आणि उभ्या दिशेने एका सेंटिमीटरचाच फरक पडला होता.

ही आकडेमोड जगभर छापून आली. तिच्याबरोबर एक छायाचित्रही छापले गेले. यंत्राच्या तबकडीतल्या झरोक्यातून धुळीने माखलेले कामगार एकेक करून अलीकडे आले, आणि त्यांच्या हातात एका स्त्रीची लहानशी मूर्ती होती. ती संत बार्बरा. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा खोदणाऱ्यांनी, डोंगर फुटल्यावर, तिलाही आपल्याबरोबर पार आणले होते.

आल्प्समधल्या बोगद्यांवर काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटले नसते. तिथे खोदाई सुरू होताना बोगद्याच्या तोंडाशी एक कोनाडा तयार करतात. आपल्याकडे घराच्या भिंतीत देवळी असते, तसाच. त्यात बार्बराची मूर्ती बसवतात, बहुधा लाकडात कोरलेली. समोर काच, वर दिवा. मूर्तीच्या शेजारी एक बुरूज असतो आणि त्याला तीन खिडक्या. हातात कधी तलवार, कधी खजुराची फांदी, कधी प्रसादाचा चषक. पाळीवर जाणारा माणूस आत शिरताना तिच्याकडे एक नजर टाकतो, कोणी छातीवर क्रूसाची खूण करतो, कोणी शिरस्त्राणाला हात लावतो. बाहेर येतानाही तेच. रोज आत जाणाऱ्या प्रत्येकाला ज्या वाटेने जावेच लागते, त्या वाटेवरच ती उभी असते.

बार्बराची कथा तिसऱ्या शतकातली मानतात. कोणी ती निकोमेडियाची म्हणतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितची. कोणी हेलिओपोलिसची, म्हणजे लेबनॉनमधल्या बालबेकची. तिचा बाप डायोस्कोरस श्रीमंत आणि जुन्या देवांना मानणारा. त्याने रूपवान मुलीला बुरुजात कोंडून ठेवले. तो परगावी गेला असताना तिने बांधकामात दोनाऐवजी तीन खिडक्या पाडून घेतल्या, कारण ती ख्रिस्ती झाली होती आणि त्या पंथात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रयीला मान आहे. बाप तलवार उपसून मागे धावला. ती पळाली आणि समोर कातळ आला तेव्हा तो दुभंगला, तिला पोटात घेऊन पलीकडे जाऊ दिले. एका मेंढपाळाने चहाडी केली. शेवटी बापानेच तिचे मस्तक उडवले, आणि घरी परतताना वीज कोसळून तो जागीच जळून गेला.

या गोष्टीत बोगदेवाल्यांना हवे ते सगळे आहे. कातळ वाट देतो. क्षणात कोसळणारी आग आहे. आणि तयारीला वेळ न देणारे मरण आहे. मध्ययुगीन युरोपात अचानक येणाऱ्या मरणाची भीती फार मोठी होती. धर्मगुरू जवळ नाही, पापांची कबुली नाही, अखेरचा प्रसाद नाही आणि माणूस गेला, तर त्याच्या आत्म्याचे काय, हा त्या काळच्या श्रद्धावंताचा खरा प्रश्न होता. असे मरण टाळावे, निदान शेवटचे संस्कार तरी मिळावेत, म्हणून बार्बराला साकडे घालत. मूर्तीच्या हातातला चषक त्यासाठीच आहे.

खाणकामगारांनी तिला फार लवकर आपलेसे केले. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, कुटना होरा हे चांदीच्या खाणींचे गाव आहे. तिथे १३८८ मध्ये संत बार्बराच्या नावाने एक भव्य चर्च बांधायला घेतले. चांदीचा ओघ वाढला की काम पुढे सरके, आटला की थांबे. असे करत ते पूर्ण व्हायला १९०५ साल उजाडले. आत खाणीतल्या कामाची जुनी भित्तिचित्रे आहेत, आणि पांढरा अंगरखा घातलेल्या, हातात दिवा धरलेल्या एका खाणकामगाराचा पुतळा आहे. संतांच्या आणि राजांच्या बरोबरीने तो चर्चमध्ये उभा आहे. अंधाऱ्या बोळातून वर येताना घसरून पडलेला माणूस पांढऱ्या कापडामुळे चटकन दिसावा, असे त्या अंगरख्याचे कारण सांगतात.

युरोपात दारूगोळा आला तेव्हा वीज आणि आगीचा संबंध जोडून तोफखान्याच्या सैनिकांनीही बार्बराला आपली मानले. स्पॅनिश भाषेत जहाजावरच्या दारूच्या कोठाराला आजही तिच्याच नावाने ओळखतात. पुढे हीच दारू जमिनीखाली गेली. ८ फेब्रुवारी १६२७ रोजी शेम्निट्झ इथल्या खाणीत, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या बान्स्का श्त्याव्हनित्सा गावी, कास्पर वाइन्डल याने खडकात सुरुंगाची दारू ठासून स्फोट केला. युरोपातल्या खाणीत दारूने खडक फोडल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. त्यानंतर घण, छिन्नी आणि पहार यांच्या जोडीला सुरुंग आला आणि खाणकामगाराचे मरण तोफखान्यातल्या सैनिकाच्या मरणासारखे झाले. दोघांची संत आधीच एक होती.

रेल्वेच्या काळात बोगदा हा स्वतंत्र उद्योग झाला आणि खाणीतली माणसे तिथे आली. त्यांच्याबरोबर बार्बराही आली.

या काळातला सर्वांत मोठा धडा गोटहार्डच्याच पहिल्या बोगद्याचा आहे. डोंगराचे नावच संताचे. हिल्डेसहाइमचा बिशप गोडेहार्ड याच्या नावाने खिंडीतले देऊळ १२३० मध्ये अर्पण झाले होते. खिंडीच्या उत्तरेला श्योलेनेनच्या घळीत ‘सैतानाचा पूल’ आहे. तो सैतानाने बांधून दिला आणि मोबदल्यात पुलावरून पार होणारा पहिला जीव मागितला, अशी लोककथा. गावकऱ्यांनी आधी बोकड धाडला. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला उचललेली शिळा म्हणून दाखवला जाणारा सुमारे २२० टनांचा धोंडा गोशेनेन गावाजवळ होता. १९७७ मध्ये मोटाररस्त्याच्या वाटेत तो आला तेव्हा तो फोडला नाही. तीन लाख फ्रँक खर्चून १२७ मीटर बाजूला सरकवला. डोंगर पोखरायचा तर तिथल्या जुन्या रहिवाशांचा मान ठेवायचा, ही भावना त्या खोऱ्यात विसाव्या शतकातही जिवंत होती.

१८७२ मध्ये जिनिव्हाचा कंत्राटदार लुई फाव्र याने हा १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा आठ वर्षांत पूर्ण करण्याचे कबूल केले. उशीर झाला तर दिवसाला पाच हजार फ्रँक दंड, सहा महिन्यांनंतर दहा हजार. या करारामुळे सगळी घाई शेवटी कामगाराच्या अंगावर आली. डायनामाइट तेव्हा नवे होते. आत तापमान तीस अंशांच्या वर, हवा धुराने कोंदलेली, पायाखाली पाणी आणि घाण. बहुतेक मजूर उत्तर इटलीतले. त्यांना एक विचित्र अशक्तपणा येऊ लागला, चेहरे मेणासारखे पांढरे पडू लागले. तो अंकुशकृमीचा संसर्ग होता, हे एदोआर्दो पेरोंचितो या इटालियन शास्त्रज्ञाने १८८० मध्ये दाखवून दिले. त्याआधी जुलै १८७५ मध्ये गोशेनेनला मजुरांनी काम बंद केले होते, तेव्हा सशस्त्र पथकाच्या गोळीबारात चौघे मारले गेले. अपघातांत मेलेल्यांची संख्या दोनशेच्या घरात आहे. रोगाने घरी जाऊन मेलेले त्यात धरलेले नाहीत.

फाव्र स्वतःही बोगद्यातच गेला. १९ जुलै १८७९ रोजी आत पाहणी करत असताना तो कोसळला. पुढच्या फेब्रुवारीअखेर दोन्ही तोंडे मिळाली. छिद्र पडताच पलीकडच्या बाजूला सर्वांत आधी सरकवली गेली ती पत्र्याच्या डबीत ठेवलेली फाव्रची तसबीर. ज्याने बोगदा घेतला तो आधी पार व्हावा, असे मजुरांना वाटले. दंडाच्या कलमाखाली त्यांना राबवणाऱ्या माणसाविषयीही त्यांनी हा मान राखला. १३० वर्षांनी सिसीच्या झरोक्यातून आलेल्या मूर्तीचे मूळ शोधायचे तर या डबीपाशी थांबावे लागते.

अचानक मरण म्हणजे काय, हे लोट्शबर्गच्या बोगद्याने सर्वांत भेदकपणे दाखवले. २४ जुलै १९०८च्या पहाटे गास्टर्न खोऱ्याखाली सुरुंग उडाला. वर पुरेसा जाड खडक आहे असा अंदाज होता. प्रत्यक्षात हिमनदीने कोरून गाळाने भरलेली दरी बोगद्याला भिडली होती. स्फोटासरशी पाणी, वाळू आणि दगडगोटे आत घुसले आणि बोगद्याचा मोठा भाग काही क्षणांत भरून गेला. पंचवीस इटालियन कामगार त्यात गाडले गेले आणि बहुतेकांचे देह बाहेर काढता आले नाहीत. शेवटी तिथे जाड भिंत घालून तो भाग बंद केला आणि बोगद्याची वाट वळवली. आज त्या मार्गाने जाणारी गाडी डोंगराच्या पोटात जी वळणे घेते, ती त्या पंचवीस जणांना वळसा घालून जातात.

अशा आठवणींतून बार्बराभोवतीचे विधी घट्ट झाले. तिचा दिवस ४ डिसेंबर. बोगद्यात वर्षभर रात्रंदिवस पाळ्या चालतात. त्या दिवशी काम थांबते. यंत्रे बंद होतात, मूर्ती फुलांनी सजते, बोगद्याच्या आतच प्रार्थना होते. नंतर कंत्राटदार कंपनीच्या खर्चाने सगळ्यांना जेवण. अभियंता, मुकादम आणि कालपरवा कामावर लागलेला पोरगा एकाच मेजावर बसतात. ऑस्ट्रिया-जर्मनीत त्याच दिवशी चेरीची फांदी तोडून घरात पाण्यात ठेवतात. नाताळपर्यंत तिला बहर आला तर पुढचे वर्ष चांगले. तुरुंगात नेताना बार्बराच्या वस्त्रात अडकलेली फांदी तिने पाणी घालून जगवली, अशी तिची कथा.

जर्मन बोलणाऱ्या प्रदेशांत आणखी एक प्रथा आहे. प्रत्येक बोगद्याला एक ‘मानलेली आई’ असते. ही जिवंत स्त्री बार्बराची प्रतिनिधी समजली जाते. काम चालू असेपर्यंत बोगदा तिच्या पहिल्या नावाने ओळखला जातो. पहिला सुरुंग बहुधा तिच्या हाताने उडतो. बार्बराच्या दिवशी ती कामगारांना भेटायला येते आणि बोगदा आरपार होताना हजर राहते. हे मानाचे पद अनेकदा एखाद्या मंत्र्याच्या पत्नीकडे किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित स्त्रीकडे जाते. आणि तरीही याच धंद्यात बाईने बोगद्यात पाऊल टाकणे अशुभ मानले जाई. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करायला बंदी करणारा करार केला. हेतू संरक्षणाचा, पण त्याने जुनी समजूतही पक्की झाली. जपानमध्ये कारण वेगळे सांगत. डोंगराची देवी स्त्री आहे, दुसरी बाई आत आली तर तिला मत्सर होतो. ज्या कामात स्त्रीला मनाई, त्याची राखणदार मात्र स्त्री, आणि खोदणाऱ्या यंत्रांची नावेही स्त्रियांची. गोटहार्डला सिसीची जोडीदार हायडी होती, उत्तरेकडे गाबी एक आणि गाबी दोन. आज महिला अभियंता बोगद्यात बिनदिक्कत जातात आणि बार्बराच्या दिवशी त्याही त्याच मेजावर बसतात.

जपानमधली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बोगदा आरपार होतो त्या जागेचा दगड तिथे जपून ठेवतात आणि गरोदर स्त्रियांना देतात. डोंगराने जशी वाट दिली तशी बाळालाही सुखरूप वाट मिळावी म्हणून. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाही तो देतात.

१९६९ मध्ये खुद्द रोमने बार्बराला धक्का दिला. तिच्या कथेला इतिहासाचा आधार नाही, म्हणून तिचा दिवस कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला. बोगद्यांवर याचा काहीही परिणाम झाला नाही. लंडनच्या जमिनीखाली क्रॉसरेलचे काम सुरू झाले तेव्हाही, बहुसंख्य प्रोटेस्टंट परंपरेच्या त्या देशात, बार्बराची मूर्ती बसली. कथा खरी का, हे कामगारांनी कधी विचारले नव्हते. त्यांच्याजवळ होते ते त्या दिवशी मिळणारे थांबणे, आणि त्या थांबण्यात गेलेल्या सोबत्यांची नावे घेणे. चोवीस तास चालणाऱ्या, दंडाच्या कलमांनी बांधलेल्या कामात हे त्यांनी बार्बराच्या नावावर मिळवले होते.

नव्या गोटहार्ड बोगद्यात नऊ जण मेले. चार जर्मन, तीन इटालियन, एक ऑस्ट्रियाचा, एक दक्षिण आफ्रिकेचा. ५७ किलोमीटर लांबी आणि दोन कोटी ऐंशी लाख टन उपसलेला खडक पाहता पहिल्या बोगद्याच्या मानाने हा आकडा लहान आहे. त्यामागे चांगली हवा, थंड पाण्याचे नळ, यंत्रे आणि कायदे आहेत. २०१६ मध्ये बोगदा सुरू होताना आशीर्वादाचा विधी ठरला, तेव्हा आधी ख्रिस्त्यांच्या वतीने फक्त कॅथलिक धर्मगुरू होते. प्रोटेस्टंटांनी हरकत घेतली आणि एका महिला धर्मोपदेशकाला बोलावले गेले. ज्यू रब्बी होते, मुस्लिम इमाम होते, कोणताही धर्म न मानणाऱ्यांचाही प्रतिनिधी होता. बोगदा खोदणारे हात जितक्या प्रकारचे होते, तितक्या प्रकारे तो सोपवला गेला. मृतांचे स्मरण त्या सोहळ्याचाच भाग होते.

महाराष्ट्राला यातले काहीच परके नाही. फाव्रच्या करारावर सही होण्याच्या सोळा वर्षे आधी, १८५६ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटात काम काढले होते. पंचवीस बोगदे, सुरुंगाची दारू, दोरांवर लोंबकळत कड्याला भोके पाडणारी माणसे. १८६१ मध्ये कामावर बेचाळीस हजारांपर्यंत मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६३ मध्ये गाडी घाट चढली. पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो मजूर गेले. त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

एक नाव मात्र लोकांनी जपले आहे. खंडाळ्याच्या घाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा धनगर. डोंगरात गुरे-मेंढरे चारताना पाठ झालेली घाटाची वाट त्याने इंग्रज अभियंत्यांना दाखवली. बक्षीस काय हवे विचारल्यावर त्याने आपल्या माणसांसाठी स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घातली गेली, अशी कथा तिथे सांगतात. ट्रकचालक आजही जाताजाता देवळाकडे नाणे टाकतात, हात जोडतात. बार्बरासारखाच तोही वाट देणारा आणि घात झालेला, आणि घाटाच्या तोंडाशीच बसलेला. १९९० च्या दशकात कोकण रेल्वेने एक्क्याण्णव बोगदे खोदले. कारबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि पेडण्याचा, ज्याची ओली माती पुन्हापुन्हा खाली येत होती. त्या कामात मेलेल्यांसाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभे राहिले. बोरघाटाच्या मजुरांना जे मिळाले नाही, ते यांना मिळाले.

बार्बराची आणि इथल्या डोंगरदेवांची अशा या दोन परंपरा नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात समोरासमोर आल्या. सिलक्यारा इथला रस्त्याचा बोगदा कोसळून एक्केचाळीस कामगार सतरा दिवस आत अडकले. गावकऱ्यांचे म्हणणे होते की बाबा बौखनागाचे ठाणे हलवले म्हणून हा कोप झाला. तोंडाशी पुन्हा एक लहानसे देऊळ मांडले गेले. सुटकेसाठी आलेले बोगदेतज्ज्ञ अर्नोल्ड डिक्स हे ऑस्ट्रेलियाचे. रोज आत जाण्याआधी ते त्या देवळासमोर गुडघे टेकून बसत. बार्बराच्या धंद्यातला माणूस, दुसऱ्या डोंगराच्या राखणदारापुढे. २८ नोव्हेंबरला हाताने शेवटचे काही मीटर उकरून सगळे एक्केचाळीस बाहेर काढले गेले.

पहिल्या गोटहार्डच्या मृतांना स्वतःची देवळी मिळायला पन्नास वर्षे लागली. शिल्पकार विन्चेंझो व्हेला याने कोणी न सांगता, स्वतःच्या मनाने ‘श्रमाचे बळी’ हे उठावशिल्प केले होते. वाकलेल्या पाठीचे मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याला ताटीवर घालून बाहेर आणत आहेत, एकाच्या हातात कंदील आहे. १९३२ मध्ये ते कांस्यात ओतून बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, आइरोलो स्टेशनजवळ लावले. वेगवान गाड्या आता त्याच्या खूप खालून, नव्या बोगद्यातून वीसेक मिनिटांत पार होतात. जुन्या मार्गावरची गाडी अजून आइरोलोला थांबते, आणि उतरणाऱ्याला स्टेशनाजवळ तो कंदील दिसतो.